खलाशी विमानातून उतरतो

वालचंदनगरच्या कारखान्यात जोतीरामने उभा जन्म खलाशी म्हणून काढला. कारखान्यातला खलाशी म्हणजे अवजड यंत्रं उचलून जागेवर बसवणारा गडी. समुद्र त्याने पाहिला नव्हता. पाणी म्हणाल तर नीरेच्या कालव्याचं. निवृत्तीनंतर माणसं निमगाव केतकीच्या बाजारात गप्पा छाटत बसत. हा मात्र कंत्राटदाराने बोलावलं की पुन्हा वजनं उचलायला निघे. त्याच्या मते बाकीच्या जगाला उचलता येत नव्हतं, नुसतं ओढता येत होतं.

या नादात मुलगी करुणा मोठी झाली. ती दहावी झाली, नर्सिंगला गेली, पास झाली, हे सगळं त्याला परगावच्या कामावरून परतल्यावर समजलं. शहाण्णव साली तिला नागपूरला नोकरी लागली. पुण्याहून दुपारची गाडी होती.

"आबा, या खेपंला तरी याल का?"

"गाडी हलायच्या आत टेसनावर हाय बघ," जोतीराम म्हणाला, आणि तमिळनाडूत एका साखर कारखान्यात ऊस पिळायचा रोलर बसवायला निघून गेला.

रोलर त्याच्यापेक्षा हट्टी निघाला. काम लांबलं. काम अर्धं टाकून म्हातारा पळेल, या धास्तीने कंत्राटदाराने त्याला पुण्याचं विमानाचं तिकीट काढून दिलं.

विमानाचं जोतीरामला फारसं अप्रूप वाटलं नाही. एवढ्या लांबून उडवत आणायचं आणि शहराबाहेरच्या माळावर सोडून द्यायचं. पुढचं ज्याचं त्याने बघावं. वजन अर्ध्यावर टेकवून जेवायला जाणारे मुकादम त्याने पाहिले होते.

बाहेर मेव्हणा भानुदास उभा होता. ‘इमानतळ म्हंजी एस्टी स्टँड न्हाय, दाजी बावचळतील,’ असं सांगून तो शेळगावहून मुद्दाम आला होता. भानुदासला पुण्याची खडान्‌खडा माहिती होती, म्हणजे मार्केट यार्डातले दोन गाळे.

जोतीरामच्या हातात तरटात बांधलेली, वजनं उचलायची चेनकप्पी होती. दुसऱ्याच्या कप्पीला तो वजन टांगत नसे, म्हणून ती विमानातूनही त्याच्याबरोबर आली होती.

"टॅक्सीच करू," भानुदास म्हणाला. "बोलणं माझ्याकडं सोडा."

जोतीरामने सोडलं. ही पहिली चूक.

"आमचं दाजी खलाशी हायत," भानुदासने टॅक्सीवाल्याला छाती काढून सांगितलं. "आत्ताच इमानातनं उतरल्यात."

टॅक्सीवाल्याने विडी टाकली. "जहाजावरचे? कुठल्या देशातनं आले?"

"जहाज न्हाय," जोतीराम म्हणाला. "कारखाना."

तेवढ्यात तरटातली साखळी खळखळली.

"आणि यात काय, नांगर का?"

"न्हाय बा," भानुदास प्रामाणिकपणे म्हणाला, "नांगर घरीच ठिवलाय. शेळगावात."

झालं. नांगर घरी ठेवून येणारा दर्यावर्दी रोज रोज मिळत नाही. टॅक्सीवाल्याने जो दर सांगितला त्याचा मीटरशी काही संबंध नव्हता. बातमी रिक्षांच्या रांगेत त्यांच्याआधी पोचली. पहिला रिक्षावाला म्हणाला, साहेबांना रिक्षा शोभत नाही. दुसऱ्याने गाठोडं नुसतं नजरेने तोललं आणि आपल्या रिक्षाच्या स्प्रिंगांवर दया करा म्हणाला. तिसरा तयार झाला, पण जोतीरामने त्याचं मागचं चाक बघितलं आणि स्वतःच नाही म्हणाला.

"दाजी, करुणीची गाडी!"

"म्हायती हाय. पर टायर गुळगुळीत हाय."

फाटकाबाहेर स्टेशनची बस लागली होती. कंडक्टरने दोघांकडे आणि मग तरटाकडे पाहिलं. "माणूस चालेल. हे नाही."

"हितं पायाशी ठिवतो की."

"आजोबा, बस आहे, भंगारगाडी नाही. येताय का?"

जोतीरामने आयुष्यात ती कप्पी दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती. ड्रायव्हरने गिअर टाकला. जोतीरामने ती भानुदासपुढे ठेवली.

"घिऊन ये कशानंबी."

भानुदासने वाकून हिसका दिला. गाठोडं हललं नाही, भानुदास कळवळला.

"कंबरंतनं न्हाय, शान्या! गुडघ्यातनं ऊठ!" चालत्या बसच्या पायरीवरून जोतीराम ओरडला. मेव्हण्याला एवढा शेतकी अनुभव, पण ऊस तेवढा दुसऱ्यांनीच उचललेला.

बस सगळीकडे थांबली. जिथे कुणी चढणार नव्हतं तिथे जरा जास्तच थांबली. स्टेशनवर जोतीराम जिना चढून फलाटावर पोचला तेव्हा गाडी उभी होती आणि करुणा खिडकीत बसून जिन्याकडेच बघत होती.

तो डब्यात चढला. करुणाने त्याचा हात धरला. त्याने बोलायला तोंड उघडलं, आणि त्याची नजर बाकाखालच्या वळकटीवर गेली.

"ही गाठ कुणी मारली?"

"मी."

"नागपूरपातूर टिकायची न्हाय." त्याने खाली बसून दोर सोडायला घेतला.

"आबा, किती दिसांनी भेटताय! कायतरी बोला की."

"बोलतोय की. ह्ये टोक धर. ताणून."

तिने डोळे पुसले, मग हसली आणि टोक ताणून धरलं. समोरची बाई पाय वर घेऊन बघत बसली. बापलेकीच्या निरोपाला जो वेळ हाती होता, तो सगळा वळकटीला गेला. शिट्टी झाली तेव्हा शेवटचा वेढा बसत होता.

"उतरा, आबा! गाडी सुटली!"

तो उतरला. खिडकीच्या गजावर हात ठेवून गाडीबरोबर चालू लागला.

"सोडताना सुरी लावू नगंस," तो म्हणाला. "आखूड टोक वढ. आपसूक सुटंल."