पाया लागली म्हणून

"पहा, चोट्टी स्वतःच पायावर पडली. आता काय राह्यलं?" ठाण्यातला शिपाई बोलला अन् सगळे हसले. मी अजून वाकलेलीच होती. माह्या मालकिणीनं पाय मागं घेतले, जसं का माह्या हाताले शेण लागलं होतं.

मुकुटबनले तिच्या घरी मी धुणं-भांडी करायची. तिची सोन्याची साखळी हरवली. घरात पाहुणे होते, गडी होते. पोलिसायनं आणलं मलेच. कोलामाची बाई, पोडावरची, रानाकडच्या आमच्या वस्तीतली. आणखी कोणाले कायले शोधायचं?

आमच्या पोडात रीत हाय. कोणाचं काही गेलं, भांडण झालं, तं पंचायसमोर लहान मानसानं आधी मोठ्याच्या पाया लागायचं. दोष कोणाचा ते मंग ठरते. पाया लागलं म्हणजे राग खाली ठेवला, आता बोला. मले वाटलं ठाण्यातही तसंच असन. मी पाया लागली, अन् माहं बोलणं सुरू व्हायच्या आधीच त्यायचं संपलं.

साखळी मी घेतली नाई. कुठं गेली ते मले आजही माहीत नाई.

कोर्टात सरकारनं वकील देल्ला. व्हरांड्यात त्यानं मले पहिल्यांदा पाह्यलं. मी सांगाले लागली तं म्हणे, "ठाण्यात पाया पडलीस ना? मग कबूल म्हणून टाकू बाई. लवकर सुटशील."

"मी घेतलीच नाई जी," मी म्हनलं. तो दुसऱ्या कोणाशी बोलत निंगून गेलता.

आत जज साहेब काहीतरी बोलले. घरी आम्ही कोलामी बोलतो, वऱ्हाडीही येते, पण ते कोर्टातलं बोलणं माह्या डोक्यावरून गेलं. आमची बोली समजणारं तिथं कोणी नोतं. वकील म्हणाला, "कबूल आहे साहेब." मले कोणी इचारलं नाई. मी वरचा पंखा पाहात उभी. शिक्षा झाली हे मले यवतमाळच्या जेलात एका बाईनं सांगतलं. रडू आलं नाई. वरण-भात खाल्ला अन् झोपली.

जेलात वणीची एक वकीलबाई यायची. तिनं सगळं आयकलं. म्हणे, "तुझा खटला झालाच नाही. तुला बोलूच दिलं नाही. बोलणं तुझा हक्क होता." त्या रात्री पहिल्यांदा मले राग आला. इतके दिवस कुठं होता काय मालूम.

शिक्षा भोगून सुटून आली तं मुकुटबनात कोणी दारात उभं करेना. चोट्टी, हेच माहं नाव झालं. ते नाव पुसाले मी वकीलबाईसंगं मानवी हक्कवाल्यायच्या आयोगाकडं गेली.

सुनावणीत पोलिसायकडचा साहेब म्हणाला, "हिनं फिर्यादीचे पाय धरले होते. निरपराध माणूस पाय धरतो का?" मालकीणही आलती. चहाच्या सुट्टीत तिचा भाऊ माह्याजवळ आला. "ताईच्या पाया लाग, इथंच मिटवू. काहून ताणून राह्यली?"

मालकिणीनं पाय पुढं केला. थोडासाच. माही कंबर आपोआप वाकाले लागली, जल्माची सवय. अर्ध्यात मले शिपायाचं हसू आयकू आलं. मी सरळ झाली.

"नाई लागत," मी म्हनलं.

आत गेल्यावर सुनावणी घेणाऱ्या आयोगाच्या बाईले सांगतलं, "बाई, मी माह्या बोलीत सांगीन. समजणारा मानूस आणा." तिनं पुढची तारीख देल्ली. निकाल काय लागन, मी इचार करत नाई. आस धरून पोट भरत नाई.

पोडात आल्यावर पंचायलेही सांगतलं, आता मी कोणाच्या पाया लागणार नाई, तुमच्याही. म्हातारे रुसले. रुसू द्या. आधी माहं आयका.