मृगाचा घेवडा

चेन्नईत अण्णा नगरला आमच्या शेजारी रेल्वेतले एक काका राहत. साताऱ्याकडे बदली मिळावी म्हणून त्यांचा अर्ज कित्येक वर्षं पडून होता. मृग लागला की ते गच्चीतल्या कुंड्यांत घेवडा पेरत. चेन्नईच्या उन्हात कोंब करपून जात.

"काका, इथला पाऊस दिवाळीला येतो," मी सांगायचो.

"मृग चुकवायचा नसतो, पदवीधर." आमच्या घरातला पहिला बीए मी, म्हणून हे नाव. मला ते आवडे.

यंदा मृगात त्यांनी कुंड्यांना हात लावला नाही. दिवाळीच्या तोंडावर वारा फिरला, मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढल्या, तेव्हा ते गच्चीत घेवडा टोचत बसलेले दिसले.

"बदलीचं काय झालं?"

"अर्ज मागं घेतला. दमलो बघा."

मी शेजारच्या कुंडीतली माती मोकळी करायला बसलो.