थावरूचं रगत, किसनचं नाव

२००३ साल. माझं वय सत्तावन्न. दुपारी डॉक्टरसाहेबांनी टेबलावरची घंटी अशी दाबली, की काहीतरी बिघडलंय हे मला बाहेरच कळलं. वसमतच्या त्यांच्या दवाखान्यात मी रक्त काढायचं काम करायचो. शिक्षण चौथीपर्यंत. पण शीर सापडली नाही म्हणून माझ्या हातचा पेशंट दुसऱ्याकडं गेला, असं कधी झालं नाही.

आत गेलो. साहेबांच्या हातात नांदेडच्या लॅबचा रिपोर्ट. समोर स्टुलावर एक पोरगं. तेवीस-चोवीसचं असेल, पण गाल लेकरासारखे. दाढी नाही, मिशीची रेघ नाही.

"मामा, ह्या किसनचं सॅम्पल तुम्हीच काढलं होतं ना?"

"व्हय."

"बाटली बदलली का?"

माझं डोकं फिरलं. "साहेब, मी चौथी शिकलो, पण आंधळा न्हाई. माझ्या हातनं बाटली बदलली असंल, तर हा ठेवला एप्रन." खरंच काढला अन् टेबलावर ठेवला.

"अहो मामा, घाला तो. रिपोर्ट नॉर्मल आलाय."

"मंग चांगलंच की."

"चांगलं कसं? ह्याच्याकडं बघा जरा."

वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो. पुरुषाच्या अंडकोषात एक हार्मोन तयार होतं. त्याला टेस्टोस्टेरॉन म्हणतात. हे नाव माझ्या तोंडात बसायलाच लई दिवस लागले. दाढी-मिशी, जाडा आवाज, हाडांचा दम, सगळं त्याच्यावर. किसनला लहानपणी गालफुगी झाली होती. सूज खाली उतरली अन् अंडकोष पुढं सुकून गेले. मग ते हार्मोन बाहेरून सुईनं देता येतं. पण डॉक्टर ते असंच देत नाहीत. आधी रक्तात कमी दिसायला पाहिजे. ते रक्त बी सकाळी लवकर काढायचं, कारण सकाळी ते जास्त असतं, दिवस चढला की उतरतं. रिपोर्ट कमी आला तर साहेबांची चिठ्ठी. चिठ्ठी असेल तरच मेडिकलवाला सुई देणार.

रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे चिठ्ठी नाही.

पोरगं बोललं. आवाज बारीक. "म्हंजे मला काहीच झालेलं न्हाई, साहेब? मंग मी असा काहून?"

ऊसतोडीत त्याला मोळी उचलवत नव्हती. मागच्या साली बांधावरून नुसता घसरला तर मनगट मोडलं. तांड्यातली पोरं त्याला 'पोरगी' म्हणायची. एवढं सगळं सांगून तो साहेबांसमोर उघडा झाला होता, अन् कागद म्हणत होता, तुला काही नाही.

मी त्याच्या हाताकडं बघितलं. मग तोंडाकडं.

"साहेब, ह्याला तर मी आजच बघून राहिलो."

"म्हणजे?"

"तुमी ह्याला तपासलं, तवा मी हट्टा गावाला भाचीच्या लग्नात होतो. दोन दिवसांनी सकाळी तपासणीची चिठ्ठी घेऊन आला तो दुसराच. त्याची शीर दोरखंडासारखी अन् मिशी ही एवढी."

"नाव विचारलं नाही?"

"विचारलं की! किसन म्हणला."

पोरानं मान खाली घातली. मी दार उघडलं. बाहेर बाकावर तोच मिशीवाला बसलेला.

"हा घ्या तुमचा किसन!"

"तो माझा भिया हाय," पोरगं पुटपुटलं. "थोरला. थावरू. मला वाटलं, त्याचं बी चालतंय."

दोघं जवळा बाजार गावाजवळच्या तांड्यावरचे. तिकडं भावाला भिया म्हणतात, आईला याडी.

थावरू आत आला. जरा बी घाबरला नाही.

"काहून केलंस रे असं?" मी विचारलं.

"काय केलं? रगत पाहिजे होतं, दिलं. एका याडीच्या पोटचे हाओत आमी. रगत एकच."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, तुला काहीच झालेलं नाही."

"म्हणून तर दिलं, साहेब! त्याच्यात आदीच रगत कमी. बघा की, कसा पांढरा पडून राहिला. त्याच्यातलं अजून काढून घेता?"

मला राग आला होता, बाटली बदलल्याचा आळ माझ्यावर आला होता. पण त्याच्या तोंडाकडं बघून राग टिकेना. गालफुगीच्या तापात ह्यानंच भावाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. त्याच साली याडी गेली. जाताना लेकरू ह्याच्या हातात देऊन गेली. तेव्हापासून किसनच्या पायात काटा रुतला तरी तकलीफ ह्याला व्हायची.

साहेबांनी समजावलं. एवढंसं रक्त, लगेच भरून येतं. थावरू "व्हय, व्हय" करत राहिला अन् शेवटी म्हणाला, "मंग माझंच घ्या की परत."

"तुझं घेऊन काय करू?" मी म्हणालो. "बैलाला सुई टोचून गाईचा ताप कळतो का?"

"माझ्या भावाला गाय म्हणता?"

"अन् तुला बैल म्हणलो, ते न्हाई लागलं?"

किसन खुदकन हसला. मग हसता हसताच गंभीर झाला.

"भिया, माझं मला देऊ दे."

"तू गप रे."

"न्हाई गप बसत. मोळी तू उचलतोस. माझ्यासाठी भांडणं तू करतोस. रगत बी तूच दिलंस. अन् मी काय करू? असाच राहू?"

थावरूनं डोक्याचा पटका काढला, मांडीवर ठेवला, पुन्हा बांधला. तोच होकार.

सकाळची वेळ टळली होती. दोघांना मी मुक्कामाला घरी नेलं. बायकोनं भाकरी टाकल्या. थावरूनं आपल्या ताटातली अर्धी भाकरी भावाच्या ताटात सरकवली.

पुढचं आताच सांगून टाकतो. खरा रिपोर्ट आला, आकडा अगदी तळाला. साहेबांनी चिठ्ठी लिहिली. ते औषध तेलकट अन् घट्ट असतं. काचेची कुपी तळहातांत धरून कोमट करायची, जाड सुईनं कुल्ल्यात सावकाश द्यायची. दर तीन आठवड्यांनी मीच द्यायचो. साहेबांनी साफ सांगितलं होतं, ह्यानं ताकद येईल, पण लेकरू होणार नाही. किसन म्हणाला, "मोळी तर उचलवंल नं?" पुढच्या हंगामात उचलली. ओठावर रेघ आली, आवाज फुटला.

मधून मधून रक्त पुन्हा तपासावं लागायचं, कारण ह्या औषधानं ते घट्ट होऊ शकतं. एकदा साहेब म्हणाले, "रक्त वाढलंय, नजर ठेवावी लागेल." थावरूला 'नजर' ऐकूच गेली नाही. "वाढलं?" म्हणाला, अन् बाकावरच्या समद्या पेशंटला चहा पाजला.

मी एवढंच शिकलो, की चिठ्ठी अन् नाव जुळलं म्हणून माणूस जुळतोच असं नाही. विशेषतः मागं भाऊ उभा असेल तर.

राहिली ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. झाडलोट बी झाली नव्हती, तेव्हा मी दवाखाना उघडला. किसनचा दंड बांधला. शीर बारीक, बोटाखाली सरकणारी. थावरू मागं उभा. एका हातानं भावाचे डोळे झाकलेले अन् स्वतःचे गच्च मिटलेले. किसननं तो हात हळूच खाली घेतला, आपल्या मोकळ्या हातात धरून ठेवला.

"काढा, मामा," तो म्हणाला.

मी सुई घातली.