चौदा तुकड्यांत आलेला प्रोग्राम

सातपूरच्या ज्या वर्कशॉपचे ऑफिस मी सांभाळत होते, तिथे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात शेठनी परदेशातून धातू कापून घडवणारे एक जुने मिलिंग मशीन आणले. आणले ते मशीनांवरचे मुख्य कारागीर, आमचे मिस्त्री, यांच्या शब्दावर. "कॉम्प्युटरवर चालतं, एका शिफ्टात तिघांचं काम ओढतं," हे त्यांनी महिनाभर शेठच्या डोक्यात भरवले होते.

पावसाळा संपता संपता मशीन थांबले. त्यात दोष नव्हता. कॉम्प्युटरकडून मशीनला आकडे पाठवणारा प्रोग्राम ज्या फ्लॉपीवर होता, तिला बुरशी लागली होती. 'फ्लॉपीची दुसरी प्रत काढणे' हे माझ्या कामांच्या यादीत होते. पुढे टिक नव्हती. विकणारी कंपनी केव्हाच बंद झालेली.

शनिवारी गिऱ्हाइकाचे साहेब या मशीनवर काढलेला नमुना बघायला येणार होते. "नमुना निघाला नाही तर मशीन भंगारात आणि मिस्त्री घरी," असे शेठनी सोमवारी सगळ्यांसमोर सांगून टाकले. चूक माझी, बोलणी मिस्त्रींना.

माझा दीर एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कॉम्प्युटर बघायचा. त्याने वाट दाखवली. परदेशातल्या एका विद्यापीठाने असे प्रोग्राम फुकट वाटायला साठवून ठेवले होते. आमच्याकडे इंटरनेट नव्हते, टेलिफोनच्या लाइनवरून चालणारी फक्त ई-मेल होती. पण त्या भांडाराला ई-मेल केली तर तिथला कॉम्प्युटर ती वाचून फाइल ई-मेलनेच धाडतो, असे तो म्हणाला.

मी ऑफिसच्या शिरस्त्याने पत्र लिहिले. 'रिस्पेक्टेड सर', मग वर्कशॉपची ओळख, आमची अडचण, नम्र विनंती, शेवटी 'थँकिंग यू'. मंगळवारी उत्तर आले. माझी एकेक ओळ परत केलेली आणि प्रत्येकीपुढे शेरा : हा हुकूम समजला नाही. 'रिस्पेक्टेड सर'पुढेही तोच.

मिस्त्री मागे उभे राहून बघत होते. "एवढ्या अदबीनं तर तुम्ही शेठला पण लिहीत नाय, मॅडम."

उत्तराच्या तळाशी मात्र तिथे चालणाऱ्या हुकमांची यादी होती. यादी दिसली आणि मला हुरूप आला. दुसऱ्या पत्रात चारच ओळी लिहिल्या, चारही हुकूम. नमस्कार नाही, आभार नाहीत. पाठवताना उद्धटपणा केल्यासारखे वाटले.

बुधवारी तुकडे यायला लागले. ई-मेलमधून जावी म्हणून फाइल अक्षरांच्या मजकुरात बदललेली, शिवाय मोठी, म्हणून तिचे चौदा भाग केलेले, आणि ते येत होते मनाला येईल तसे : आधी सातवा, मग दुसरा, मग तेरावा. मी रजिस्टरचे एक पान आखले. तुकड्याचा क्रमांक, आला की नाही, आणि लाल शाईत तिसरा रकाना : दुसरी प्रत काढली.

टेलिफोनची लाइन एकच. मेल उतरत असताना कोणी रिसीव्हर उचलला की सगळे तुटायचे. मी फोनवर 'उचलू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. तो नियम मोडला शेठनीच.

"बाई, माझा फोन मी उचलायचा नाही?"

"शनिवारपर्यंत नाही, शेठ."

शेठ शेजारच्या वर्कशॉपात फोन करायला गेले.

शुक्रवारी दुपारी तेरा टिका झाल्या. नववा तुकडा नव्हता. आमची ई-मेलची पेटी लहान. ती भरल्यामुळे तो दारातून परत गेला होता. मिस्त्री दर पाच मिनिटांनी हात पुसत यायचे, पानावरची रिकामी चौकट बघायचे आणि परत जायचे. मी पेटी रिकामी केली. एकच तुकडा पुन्हा मागवायचा हुकूमही त्या यादीत होता. तो पाठवला.

शनिवारी सकाळी मी नेहमीपेक्षा तासभर आधी ऑफिस उघडले. नववा येऊन बसला होता! प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावरच्या आणि तळाच्या पत्त्याच्या ओळी छाटल्या, चौदाही क्रमाने जोडले आणि दिराने सांगितल्याप्रमाणे त्या मजकुराचा पुन्हा प्रोग्राम केला. मिस्त्रींनी केबल लावली. मी बटण दाबले. मशीनचे टेबल एकदा हिसकले आणि सरळ रेषेत चालू लागले.

"चाललं की!" मिस्त्री ओरडले. अख्खी शिफ्ट गोळा झाली.

साहेब अकराला आले. नमुना त्यांनी तीनदा मोजला आणि काम आम्हाला दिले. शेठनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मशीन घेतलं ते बरोबरच घेतलं."

संध्याकाळी मिस्त्री माझ्या टेबलाशी आले. "त्या परदेशातल्या सायबाला आता तरी थँक्यू लिहा."

"तिथे साहेब नाही, मिस्त्री. कॉम्प्युटर आहे. परत म्हणेल, हुकूम समजला नाही."

"म्हणू द्या. लिहा."

मी लिहिले, 'रिस्पेक्टेड सर'सकट. मग लाल रकान्यातल्या चौदा टिका मोजल्या आणि प्रतीच्या फ्लॉप्या कपाटात कुलुपात ठेवल्या.