स्लाइडवरची तीट

आमच्या ह्यांना चहा झालाय म्हणून हाक मारली, तर हे आधी विचारणार, कोणत्या भांड्यात केला. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाशी संसार करायचा म्हणजे एवढं चालायचंच. त्यामुळे वन्संनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीने, एका जुन्या स्लाइडचा फोटो करून मागितला, तेव्हाच मी मनात म्हटलं, आता बसा.

स्लाइड, म्हणजे चौकटीत बसवलेली रंगीत फिल्म, ह्यांनीच काढलेली. राजघाटावर वन्संच्या यजमानांची एक चप्पल तापीत वाहून गेली आणि ते दुसरी हातात धरून खदखदून हसताहेत. पूर्वी आम्ही ती प्रोजेक्टरने भिंतीवर बघायचो. मग प्रोजेक्टरचा दिवा गेला, तसा दिवा पुन्हा मिळाला नाही. पुढे यजमानही गेले. इथेच जवळ राजपुऱ्यात वन्संच्या घरी त्यांचा एकच फोटो आहे, ओळखपत्रासाठी काढलेला, गंभीर चेहऱ्याचा. "रोज तोच बघून बघून, ते हसायचे कसे तेच मला आठवेना झालंय गं," वन्सं मला म्हणाल्या. फार वाईट वाटलं मला.

वाईट ह्यांनाही वाटलं, पण ह्यांचं वाईट वाटणं अभ्यासातून बाहेर पडतं. एक स्कॅनर विकत आणला, दुसरा इंदूरच्या मित्राकडून मागून आणला आणि जेवणाच्या टेबलावर दोघांची परीक्षा सुरू झाली. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवू लागलो.

विकतच्या मशीनमध्ये दुधी काचेमागे पांढरा दिवा. उजेड सगळीकडून मऊ पडतो, म्हणून ओरखडे लपतात. मोबाइलसारखा कॅमेरा एका क्षणात अख्खं चित्र टिपतो, पण काळे केस म्हणजे नुसता काळा गोळा. मागून आणलेल्या मशीनचा उजेड सरळ आणि कडक, आणि त्याचा सेन्सर म्हणजे एक बारीक पट्टी. ती ओळीओळीने सरकत चित्र वाचते. तेवढ्या वेळात माझी भाजी निवडून व्हायची. पण केस न् केस वेगळा दिसायचा. धूळही तशीच दिसायची, आणि आमच्या बुऱ्हाणपुरात पॉवरलूमचं सूत हवेतच असतं.

दर दोन दिवसांनी वन्सं यायच्या, केळ्याचे वेफर्स खायच्या, भावाचं व्याख्यान ऐकायच्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, तू मशीनला बघतो का माणसाला? अब बस भी कर ना."

मग एकदाचा निकाल लागला. मागून आणलेलं मशीन जिंकलं, कारण त्यात डोळ्यांना न दिसणारा आणखी एक उजेड होता. रंगीत फिल्ममधून तो आरपार जातो, धूळ मात्र त्याला अडवते. जिथे अडला, तिथे मशीन शेजारचा रंग भरून टाकतं. ह्यांनी लॅपटॉप वन्संसमोर फिरवला. "बघ ताई, एक कण नाही. कानाजवळ बुरशीचा केवढा काळा ठिपका होता, तोही साफ."

वन्सं बघत राहिल्या. त्यांचा चेहरा मात्र खुलला नाही. "बुरशी नव्हती ती," त्या म्हणाल्या. "तीट होती. पहिल्यांदा भिंतीवर दाखवलं तेव्हा सगळे ह्यांच्या हसण्याकडे बघत होते. मी दुसऱ्या दिवशी स्लाइडवर काडीच्या टोकाने काजळ लावलं होतं. आणि लावताना हे मागे उभे राहून असेच हसत होते."

मी ह्यांच्याकडे बघितलं. एरवी ह्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असतं. आता तर काजळही तो उजेड अडवतं, एवढंच सांगायचं होतं. पण ह्यांनी उठून साफसफाईचं बटण बंद केलं आणि स्लाइड पुन्हा आत सरकवली.

पट्टी ओळीओळीने सरकली. घाटाची पायरी आली, चप्पल आली, मग हसणं आलं, आणि सूत, ओरखडे सगळ्यासकट कानाजवळची तीट आली.

"हां, हे असे हसायचे," वन्सं म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात स्क्रीनवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. स्क्रीनला नुसतं बोट लागलं तरी ओरडणारे आमचे हे शेजारीच उभे होते. त्यांनी लॅपटॉप बहिणीच्या आणखी जवळ सरकवला.