गुन्ह्याचे हत्यार : दोन बोटे

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले बरेचसे आठवायला आता डोक्याला ताण द्यावा लागतो. तळवड्यातली ती हार्ड डिस्क मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. निवृत्त पोलीस म्हटला की लोक थरारक केस सांगायचा आग्रह धरतात. मी हीच सांगतो. सुरुवातीला त्यांचा हिरमोड होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळची हजेरी उरकून मी केबिनमध्ये टेकलो होतो, तोच एक वर्कशॉपवाला तावातावाने आत आला. घराणं रहाटणीचं, जुन्या शेतकऱ्यांचं. जमिनी गेल्या आणि त्या पैशांतून तळवड्याला वर्कशॉप उभं राहिलं. चाकणच्या कंपन्यांना लागणारे साचे बनवायचा त्याचा धंदा.

"साहेब, चोरी झाली," तो म्हणाला. "कंप्युटरमधली हार्ड डिस्क काढून नेली. आजवरच्या सगळ्या साच्यांची ड्रॉइंग त्यात होती."

"दुसरी कॉपी असेल ना?"

"करायचीच होती ओ साहेब. राहून गेलं."

हे 'राहून गेलं' मी चोरीच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीत ऐकलं आहे. कुलूप बदलायचं राहून जातं, कॅमेरा बसवायचा राहून जातो. फक्त पोलिसात यायचं कुणाचं राहत नाही.

संशय कुणावर, हे मला विचारावंच लागलं नाही. त्याच्याकडे लातूरकडचा एक पोरगा डिझायनर होता. त्याने राजीनामा दिला होता आणि येत्या सोमवारी तो चाकणच्या एका मोठ्या कंपनीत रुजू होणार होता. खंडेनवमीच्या दुपारी कंप्युटर बंद करून तो गावाला गेला आणि आज सकाळीच परतला. मधल्या दिवसांत त्या कंप्युटरवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. "जाता जाता माझी ड्रॉइंग घेऊन चाललाय," मालक म्हणाला, "आत्ताच्या आत्ता नाव घ्या त्याचं."

नाव घेणं सोपं होतं. पण नव्या नोकरीसाठी लागणाऱ्या चारित्र्य पडताळणीचा त्याच पोराचा अर्ज आमच्याच ठाण्यात पडून होता. गुन्ह्यात नाव आलं असतं तर दाखला अडकला असता आणि दाखल्यापाठोपाठ नोकरीही गेली असती. मी मालकाचा अर्ज ठेवून घेतला. म्हटलं, आधी जागा पाहू, मग ठरवू.

निघताना त्याने हळूच सांगितलं, "एक विनंती आहे. आमच्या आबांना यातलं काही कळू देऊ नका. वडील आहेत माझे. रोज वर्कशॉपवर येऊन बसतात. बीपीचा त्रास आहे, धसका घेतील."

घटनास्थळी माझ्याबरोबर आमचे जुने हवालदार होते. कुलूप, कडी, कोयंडा यातलं त्यांना कळत नाही असं काही नव्हतं. त्यांनी कंप्युटरच्या डब्याची बाजूची पत्र्याची झडप उघडली, बॅटरी मारली, भिंग लावलं आणि कपाळाला आठ्या घालून उठले.

"साहेब, एकबी स्क्रू ढिला न्हाई. पान्याचा ओरखडा न्हाई. हार्ड डिस्कच्या जागी नुसता रिकामा कप्पा हाय, आन् तिथं स्क्रूचं भोकच न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी सराइताचं काम."

पंचनाम्यात गुन्ह्यात वापरलेल्या हत्याराचं वर्णन लिहायचं असतं. तिथे त्यांचं पेन बराच वेळ नुसतंच घुटमळत राहिलं.

तेवढ्यात दारात आबा उभे. धोतर, पांढरी टोपी, कपाळाला बुक्का. मालक घाईघाईने म्हणाला, "काय न्हाई आबा, ऑफिसची लाईट गेलीय. एक फेज उडालाय."

"मग वायरमनला बोलवायचा. पोलीस कशापाय बोलावलं?"

हवालदारांनी खिशात हात घालून कालचं एक सुकलेलं आपट्याचं पान काढलं. "सोनं द्यायला आल्तो आबा." आबा खूश झाले. त्यांनी आम्हाला बसवून घेतलं, पेढे दिले, चहा मागवला आणि पूर्वी रहाटणीच्या त्यांच्या रानात ज्वारी कशी पुरुषभर उंच यायची ते सांगितलं. घटनास्थळाची पाहणी तिथेच संपली.

दुपारी पोराला ठाण्यात बोलावलं. मी समोरच्याचे हात आधी बघतो. तोंड शिकवून आणता येतं, हात येत नाहीत. याचे हात थरथरत होते, पण मी त्याचा फार अर्थ काढला नाही. पोलीस ठाण्यात निर्दोष माणूसच जास्त थरथरतो, सराईत चहा मागतो.

"हार्ड डिस्क कुठाय?"

"मी नाही नेली साहेब. आईची शपथ."

"बंद करून शेवटी तूच गेलास ना?"

"गेलो की. पण मला ड्रॉइंगच चोरायची असती तर पेन ड्राइव्हमधी नसती का नेली? कुणाला कळलंबी नसतं. आख्खी डिस्क काढून नेऊन मी सोताच्या गळ्यात घंटा कशाला बांधून घेऊ?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, सोमवारी जॉइनिंग हाय. घरी समद्यांला सांगून आलोय."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. पण दोन बाजूंनी तो अडकत होता. शेवटी तोच तिथे बसला होता, आणि एकही स्क्रू न हलवता डिस्क काढायला कंप्युटरातलं कळणारा माणूस लागतो. निदान तेव्हा आम्हाला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तो कंप्युटर बनवून देणाऱ्या दुकानदाराला बोलावलं. काळेवाडीतले मुस्लिम गृहस्थ, मेंदी लावलेली दाढी, बोलायला चटपटीत. येताना ते तसलाच एक रिकामा डबा आणि जुनी हार्ड डिस्क घेऊन आले आणि माझ्या टेबलावर त्यांनी चक्क दुकान मांडलं.

"साहेब, तुमचे हवालदार स्क्रू शोधत बसले. अहो, याला स्क्रू नसतोच. हा प्लास्टिकचा ट्रे. याच्या बाजूच्या खुंट्या डिस्कच्या भोकांत बसतात. ट्रे आत सरकवला की खटका पडतो. काढायचा असला की दोन्ही बाजूचे खटके दाबायचे आणि ओढायचं. वायरीसुद्धा बोटानं निघतात. झडपेला हातानं फिरवायच्या चकत्या. पाना नको, पेचकस नको. दोन बोटं बस झाली."

"पण माहितगारच लागेल ना?"

"कसला माहितगार! गिऱ्हाइकाला मी हेच तर दाखवतो. म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडून काढून घेतो मी."

हवालदारांचा विश्वास बसेना. घरचा टीव्ही लावायलासुद्धा ते सुनेला हाक मारतात. त्यांनी बिचकत खटके दाबले. खट्ट. ट्रे हातात आला. पुन्हा आत सरकवला. खट्ट. त्यांचा चेहरा असा उजळला की बघतच राहावं. मग ठाणे अंमलदार आले, बिनतारीवाला आला, महिला शिपाई आल्या, आणि सगळं ठाणं खटखट करायला लागलं. शेवटी मीही काढली. नाही म्हणत नाही, मजा येते.

हवालदारांनी पंचनाम्याच्या कच्च्या कागदावर हत्यारापुढे लिहिलं, 'हाताची दोन बोटे', आणि वर मला विचारलं, "साहेब, जप्त कशी करायची?"

हसणं ओसरल्यावर मात्र मला आमची चूक दिसली. आम्ही उलटं धरून बसलो होतो. डिस्क बिनस्क्रूची निघते म्हणजे चोर हुशार, हे चूक. ती बिनस्क्रूची निघते म्हणजे ती काढणारा कुणीही असू शकतो. संशयित एकावरून पार वर्कशॉपभर पसरले होते आणि सोमवार तोंडावर आला होता.

पोराला बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं. हल्ली पडताळणीचे अर्ज कंप्युटरवरच येतात. त्याचा अर्ज पुन्हा बघावा म्हणून मी माउस हातात धरला. अर्ज उघडला, वाचला आणि हात उचलला तर बोटं लाल!

मग लक्षात आलं. खंडेनवमीला आम्ही ठाण्यात शस्त्रपूजा करतो. रायफली, काठ्या, बेड्या, वॉकीटॉकी, सगळं मांडून हळदकुंकू वाहतो. आमच्या महिला शिपाई दिवसभर कंप्युटरवर काम करतात. त्यांनी आपलं हत्यार म्हणून माउस मांडला होता. त्याच्या खाचांत कुंकू अजून तसंच होतं.

मी मालकाला फोन लावला. "खंडेनवमीला वर्कशॉपची पूजा कुणी केली?"

"मी कंपनीच्या पूजेला चाकणला होतो. आमची आबांनी केली. का साहेब?"

"घरीच थांबा. आबांनाही थांबवा."

रहाटणीला जाताना मी पोरालाही गाडीत घेतलं. आबा ओट्यावर बसले होते. मालक मला डोळ्यांनी खुणावत होता, पण आता लपवाछपवी पुरे झाली होती. मी सरळ विचारलं, "आबा, खंडेनवमीच्या पूजेत कंप्युटरचं काय मांडलंत?"

"का वं? काय चुकलं का?" म्हणत ते आम्हाला आत घेऊन गेले. देव्हाऱ्याशेजारी पाटावर नांगराचा फाळ होता, विळा होता. शेती गेली तरी त्यांची पूजा चुकली नव्हती. आणि त्यांच्या शेजारी, झेंडूच्या फुलांखाली, हळदकुंकू लावलेली हार्ड डिस्क, ट्रेसकट.

मालकाने भिंतीला हात टेकला.

"समद्या कामगारांनी आपापलं हत्यार मांडलं," आबा सांगू लागले. "ह्यो पोरगा गाडीच्या घाईत तसाच गेला. मी म्हणलं, ह्याचं हत्यार कंचं? तर ह्याचं समदं काम हिच्यात ऱ्हातं, असं त्या दुकानदारानं मला सांगितलं व्हतं. काढायला बी त्यानंच शिकवलं. पोरगं चाललंय सोमवारी. जाता जाता त्याचंच हत्यार पुजायचं ऱ्हायलं तर बरं दिसतंय का? पाणी न्हाई शिपडलं हां. विजेची चीज हाय, कळतं मला."

"मग परत का नाही ठेवलीत?" माझा आवाज जरा चढलाच.

"दसरा होस्तोवर पूजेतलं हलवत न्हाईत. अन् मग लाईट कुठंय? ह्यो माझा लेकच म्हणला ना फेज उडालाय म्हणून. लाईट आली की लावणारच व्हतो की!"

मालकाची मान जी खाली गेली ती वर येईना. ज्या पोराला तो चोर म्हणत होता, त्याच्याच कामाला मालकाच्या बापाने देवाशेजारी बसवलं होतं. हवालदारांना राहवलं नाही. "आबा, तुम्हाला ठावं हाय का, या पोराला आमी—"

पोराने पटकन त्यांचा हात धरला. हळू आवाजात म्हणाला, "नका सांगू साहेब. बीपी हाय त्यांना."

मग पुढे होऊन त्याने ती डिस्क दोन्ही हातांनी उचलली आणि मोठ्याने म्हणाला, "आबा, लाईट आली बरं का. आत्ताच आली."

"आली का? बेस झालं. जा, लाव जा."

वर्कशॉपवर त्यानेच ट्रे सरकवला. खटका पडला, कंप्युटर सुरू झाला, सगळी ड्रॉइंग जागेवर होती. मालकाने त्याला काय म्हटलं ते मी ऐकलं नाही. दोघं बोलायला लागल्यावर मी मुद्दाम बाहेर येऊन उभा राहिलो. तक्रार अर्ज त्याने त्याच संध्याकाळी मागे घेतला.

तेव्हापासून कुठल्याही तपासात, अमक्याला त्रास देऊ नका, त्याला यातलं काही माहीत नाही, असं कुणी म्हणालं की मी आधी त्याच्याकडेच जायचो. आणि आणखी एक. पडताळणीच्या अहवालात 'वर्तणूक चांगली' असं आम्ही लिहितो. नोकरीभर किती जणांबद्दल मी ते सवयीने, न बघता लिहिलं असेल, देव जाणे. त्या पोराच्या अहवालावर ते दोन शब्द मी सावकाश लिहिले, आणि सोमवारच्या आत कागद त्याच्या हातात जाईल याची सोय केली.