काजळीवरची रेघ

कोयनेला भूकंप झाला त्या हिवाळ्यात आमच्या कार्यालयातल्या नकाशांवरचा सगळ्यांचाच विश्वास उडाला. दख्खनचा काळा दगड म्हणजे देशातली सर्वांत स्थिर जमीन, असं मी परीक्षेत लिहून आले होते आणि मला त्याचे गुणही मिळाले होते. त्याच भरवशावर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अणुवीज केंद्रासाठी एक जागा मनात धरली होती. आता ती पुन्हा तपासायची होती. ही जमीन हलते का, आणि हलली तर किती?

आम्ही तिघं गेलो. साहेब, यंत्रं सांभाळणारे एक मेकॅनिक, आणि मी. मी नुकती नोकरीला लागलेली, दगडांचं शिक्षण घेतलेली कार्यालयातली एकटीच मुलगी. अलिबागकडची असल्यामुळे लोकांशी बोलायचं काम माझ्याकडे. रेवदंड्याहून होडीनं खाडी ओलांडायची आणि पुढे कोळ्यांच्या एका गावात राहायचं.

भूकंप नोंदवणाऱ्या यंत्राला उघडा खडक लागतो. मेकॅनिक हातोडी घेऊन घरोघरच्या जमिनी ठोकत हिंडले. शेवटी गावाच्या टोकाला एक बंद घर मिळालं. त्याची मागची खोली थेट काळ्या खडकावर उभी होती. घर एका विधवा बाईचं होतं, पण त्या भावाकडे राहत. मी त्यांना मावशी म्हणू लागले.

"घ्या की," त्या म्हणाल्या. "मानूस न्हाय तर यंत्र तरी ऱ्हाऊं दे."

यंत्र साधं होतं. एका ढोलावर काजळी धरलेला कागद, आणि त्यावर टेकलेली बारीक सुई. ढोल फिरे तशी सुई काळ्यावर पांढरी रेघ ओढत जाई. कागद मी रोज बदलायची. पहिल्या दिवशी मेकॅनिकनी कागद उजेडात धरला. रेघ कुठे केसासारखी बारीक, कुठे सुतळीसारखी जाड. साहेब हसले. "भरती आहे ती. लाटा किनाऱ्यावर आपटतात ते खडकाला लागतं. ओहोटीला रेघ बारीक होणार." तसंच होतं ते. पण त्यानंतर त्या खोलीत एकटी बसले की मला ते घर श्वास घेतंय असं वाटे. बाहेर ऊन असे, बोंबील वाळत असत, बायकांचं भांडण ऐकू येई. आणि आत सुई हळूहळू फुगत जाई, पुन्हा बारीक होई.

सकाळभर मी घरोघर फिरायची. साहेबांनी बजावलं होतं, घाबरलात का असं विचारायचं नाही, काय पडलं ते विचारायचं. कोयनेच्या त्या पहाटे इथेही फळीवरची भांडी वाजली होती. टांगलेले कंदील हलले होते. पण बोलता बोलता बायका आवाज खाली आणत. "तवापासून दुपारी दर्यातून आवाज येतो, बाय." एक दिवस मीही ऐकला. लांबून तोफ उडावी तसा, एकच. आम्ही धावत घरात गेलो. सुईनं त्या वेळची रेघ सरळ ओढली होती. साहेब म्हणाले, हवेतून आलेला असेल, कुठे सुरुंग उडाला असेल, आरमाराच्या तोफा असतील. गावातल्या कुणाला सुरुंग माहीत नव्हता. साहेबांनीही पुन्हा तो विषय काढला नाही.

मावशी रोज तिन्हीसांजेला दारात दिवा लावायला येत, पण उंबरठ्याच्या आत पाऊल टाकत नसत. घर का सोडलं ते मला त्यांच्या भावजयीनं सांगितलं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शिमगा नुकताच झाला होता. वारा नव्हता, दर्या तेलासारखा पडला होता. मावशींचा नवरा आणि दोन्ही मुलगे मचवा घेऊन निघाले. किनाऱ्यावरून सगळ्यांना दिसत होते. मावशी खाली वाकून जवळा पसरत होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा मचवा नव्हता, आणि जाताना तो कुणीच पाहिला नव्हता. फळी नाही, वल्हं नाही, काहीही कधी किनाऱ्याला लागलं नाही. मी वर बघत असते तर कळलं असतं, असं म्हणत मावशींनी घर सोडलं.

ती गोष्ट ऐकून काही दिवस झाले असतील. दुपारची वेळ होती, पूर्ण ओहोटी. मी खोलीत ढोलापाशी होते आणि मावशी कधी नव्हे ते लवकर येऊन दारात उभ्या होत्या. रेघ अगदी बारीक चालली होती. अचानक सुई थरथरली, थांबली, आणि लगेच दोन्हीकडे लांब फेकली गेली. खरखर असा आवाज आला कागदावर. मला पायाखाली काही जाणवलं नाही. कोपऱ्यातल्या कळशीतल्या पाण्यावर मात्र कडेपासून मध्यापर्यंत वर्तुळं सरकत गेली.

"बाय, ह्ये काय झालं?"

"धक्का होता, मावशी. लहानसा. तुम्हाला लागला?"

"न्हाय. मी हितं उभी हाय, मला काय बी न्हाय लागलं."

मी बाहेर जाऊन पाहिलं. बायका मासळी उलटत होत्या. कुत्री सावलीत झोपली होती. कुणाला काही कळलं नव्हतं.

साहेब आले. भिंगातून रेघ पाहत ते बराच वेळ वाकून राहिले. "कोयनेचा नाही," ते म्हणाले. "तिथून आला असता तर पहिल्या आणि दुसऱ्या हिसक्यात अंतर पडलं असतं. हे जवळजवळ चिकटलेत. हा इथला आहे." त्यांनी नकाशावर कंपासनं वर्तुळ काढलं. एका यंत्राला किती लांब ते सांगता येतं, कुठल्या दिशेला ते नाही. या वर्तुळाच्या रेघेवर कुठेही.

मावशींनी पहिल्यांदाच उंबरठा ओलांडला. नकाशा त्यांना वाचता येत नव्हता. त्यांनी वर्तुळावर बोट ठेवलं. "ह्यात दर्या कंचा?"

साहेबांनी दाखवला. अर्ध्याहून जास्त दर्याच होता.

"आमचा मचवा गेला तवा आसंच झालं आसंल काय, सायेब?"

"एवढ्याशा धक्क्यानं मचवा बुडत नाही, बाई."

"मोठा आसला तर?"

"मोठा असता तर गावाला कळला असता."

मावशी वर्तुळाकडे पाहत राहिल्या. "ती ईजेची भट्टी हितं बसली, आन् मंग मोठा आला तर?"

"तेच शोधायला आलोय आम्ही."

"आन् न्हाय कळलं तर?"

साहेबांनी चष्मा काढला. "तर इथे बांधू नये, असं मी तरी सांगेन."

त्यांनी मुंबईहून आणखी यंत्रं मागवली. एक खाडीपलीकडे ठेवलं, एक डोंगराच्या पायथ्याला. होळी येऊन गेली, तरी तशी रेघ पुन्हा उमटली नाही. मेकॅनिकनी पहिलं यंत्र पूर्ण खोलून पाहिलं. त्यात दोष नव्हता. वरिष्ठांपैकी एक जण पाहणीला आले आणि म्हणाले की एकट्या रेघेचा उल्लेख अहवालात कशाला? साहेब शांतपणे म्हणाले, "आलीच नाही असं कसं लिहू?" ती रेघ अहवालात गेली. पुढे ती जागा मागे पडली. त्या रेघेमुळे की दुसऱ्या कशामुळे, ते मला कधी समजलं नाही.

आम्ही सामान बांधत होतो तेव्हा मावशी वळकटी घेऊन आल्या. मागच्या खोलीत, ढोल होता त्याच जागी त्यांनी ती सोडली.

"आता मी हितंच ऱ्हाते."

"एकट्या? भीती नाही वाटणार?"

"वाटंल की." त्या वळकटीवर बसल्या. "तुमची सुई हालली तवा कोनाला तरी कळलं काय? म्हंजी त्या दिशी मी वर बघत आसते तरी मला कळलं नसतं."

साहेब असं काही म्हणाले नव्हते. त्या रेघेतूनही असं काही सिद्ध होत नव्हतं. पण साहेबांनी त्यांची चूक काढली नाही, यंत्राची पेटी उचलून दाराबाहेर नेली. मावशींनी चूल पेटवली, भात टाकला, आणि भरतीच्या आधी निघा म्हणून आम्हालाच घाई करू लागल्या.

होडी खाडीत मधोमध आली तेव्हा वारा पडला. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. मेकॅनिकनी बिडीसाठी काडी ओढली आणि बिडी न पेटवताच ती बोटापर्यंत जळू दिली. आम्ही तिघंही पाण्याकडेच बघत होतो. होडी पलीकडच्या किनाऱ्याला लागेपर्यंत कुणी नजर काढली नाही.